बिघडायला आहे काय हिच्यात?

रेसिंगचा किडा चावलेला माणूस कंपनीच्या पार्किंगमध्येसुद्धा ओळखू येतो. त्याच्या गाडीच्या पुढच्या दोन रिम्स ब्रेकच्या भुकटीने काळ्या पडलेल्या असतात. मागच्या सीटवर लॅपटॉपच्या बॅगेशेजारी हेल्मेटची पिशवी असते. डिकी उघडली तर टॉर्क पाना, दोन लिटर ऑइल आणि कधीकाळी पांढरा असलेला एक टॉवेल निघतो. आणि सोमवारी सकाळच्या स्टेटस मीटिंगमध्ये हा माणूस हात टेबलाखाली ठेवून बसतो, कारण नखांतलं ग्रीस कुठल्याच साबणाने निघालेलं नसतं.

बॉस, तो माणूस म्हणजे मी. निदान गेल्या वर्षापर्यंत होतो. आता माझी नखं स्वच्छ असतात, रविवारी दुपारी मी घरी जेवायला असतो आणि तरीही रेसिंग चालूच आहे. उलट थोडं वाढलंय. कारण मी ऑफिसला आणि ट्रॅकवर एकाच गाडीने जाणं बंद केलं. रोजच्यासाठी एक साधी, कंटाळवाणी हॅचबॅक आहे. ट्रॅकसाठी तिघांच्या भागीदारीत घेतलेली एक सेकंडहँड सिंगल-सीटर आहे. तिला दारं नाहीत, काचा नाहीत, एसी नाही, नंबरप्लेट नाही आणि मुख्य म्हणजे फारसा मेन्टेनन्स नाही.

इथे समोरचा हमखास थांबवतो. ‘एक मिनिट, रेसिंग कार म्हणजे पांढरा हत्ती ना? ती रोजच्या गाडीपेक्षा कमी खर्चाची कशी?’ लग्नात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, सगळीकडे हाच प्रश्न येतो. म्हणून म्हटलं, या आठवड्यात एकदाच सगळ्यांना उत्तर देऊन टाकू.

दोन लिटर चहाचं आधण

माझी जुनी गाडी एस्टीम. आजच्या पंचविशीतल्या मंडळींनी ती बाबांच्या अल्बममध्येच पाहिली असेल. १९९४मध्ये मारुतीने आणलेली साधीसुधी सेडान, पण अंगाने हलकी आणि पोटात १.३ लिटरचं हौशी इंजिन. रॅलीवाल्यांनी आणि सर्किटवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. ती बनायची बंद होऊन दीड दशकाहून जास्त काळ लोटलाय, तरी गॅरेजमध्ये तिचं नाव अजून मानाने घेतात. मी ती सेकंडहँड घेतली आणि सात वर्षं वापरली. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, वीकएन्डला पुण्याच्या आसपासच्या माळरानावरचं ऑटोक्रॉस आणि वर्षातून दोनेकदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. तोच, ज्याला आपण वर्षानुवर्षं एमएमआरटी म्हणायचो आणि आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. १९९०पासूनचा, ३.७१७ किलोमीटरचा, देशी रेसिंगची पंढरी.

आता ट्रॅकवर रोजच्या गाडीचं नेमकं काय होतं ते बघा. मी धरून माझी एस्टीम साधारण हजार किलो. सरळ पट्ट्यावर ताशी १४० आणि वळणाआधी ६०वर आणायची. शाळेतलं फिजिक्स आठवा. या एका ब्रेकिंगमध्ये सुमारे ६०० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत घरातल्या साध्या तापमानाचं जवळजवळ दोन लिटर पाणी उकळेल. म्हणजे अख्ख्या टीमच्या चहाचं आधण, अवघ्या चार-पाच सेकंदांत! आणि एका लॅपमध्ये असं आधण चार-पाच वेळा चढतं. शहरात सिग्नलला थांबण्यासाठी बनवलेले ब्रेक हे किती वेळ सोसणार?

मग साखळीच सुरू होते. डिस्क तापते, पॅड तापतं, तिथून उष्णता ब्रेक ऑइलमध्ये शिरते. साध्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ओलावा धरला की तोच आकडा १४०पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात, ब्रेक दाबला जात नाही. पेडल थेट फ्लोअरला! म्हणून ट्रॅकवाले डॉट ४ किंवा ५.१ घालतात आणि वर्षातून कितीतरी वेळा बदलतात.

ब्रेक ही फक्त सुरुवात. लांब वळणात इंजिनखालच्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला पळतं आणि पंपाला क्षणभर हवाच मिळते. बेअरिंगला तेवढा क्षण पुरतो. रबराचे बुश चेपतात. घराकडे जाताना आरामदायी वाटणारं सस्पेन्शन वळणात गाडी झुकवतं, त्यामुळे टायरची बाहेरची कड खाल्ली जाते आणि मधला भाग नवाकोरा राहतो. माझ्या वहीतली एका सीझनची नोंद अशी: चार वीकएन्ड, पॅडचे तीन सेट, एक क्लच, दोन व्हील बेअरिंग, चार बुश, पुढच्या टायरची एक जोडी. यातलं काहीही खराब मालामुळे गेलं नव्हतं. हजार किलोंची चार माणसांची, सामानाची, एसीची गाडी तिच्या कामाबाहेरचं काम करत होती, एवढंच.

खंबाटकीचा बोगदा

पण पैशांसाठी मी एस्टीम सोडली नसती. हौसेला मोल नसतं आणि क्रेडिट कार्डाला लाज नसते. निर्णय झाला तो परतीच्या प्रवासामुळे.

रेसिंगचा खरा धोका कुठे असतो, असं विचारलं तर सगळे ट्रॅककडे बोट दाखवतात. ट्रॅकवर हेल्मेट असतं, रन-ऑफ असतो, मार्शल झेंडे घेऊन उभे असतात, अॅम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून तयार असते आणि समोरून ट्रक येत नाही. धोका संध्याकाळी असतो, जेव्हा दिवसभर पिळून काढलेली तीच गाडी घेऊन तुम्ही बाराशे किलोमीटर घरी यायला निघता. चेन्नईहून बंगळूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा. शरीर थकलेलं आणि सोमवारची दहाची मीटिंग डोक्यात.

एका अशाच परतीला बायको बरोबर होती. निघण्याआधी चेन्नईत चाकं काढून पॅड बघितले होते. जाडी भरपूर होती. पण दिवसभराच्या उष्णतेने एका पॅडच्या अस्तराला आतून चीर गेली होती, जी डोळ्यांना दिसण्यासारखी नव्हती. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते इंग्रजी एससारखं कुप्रसिद्ध वळण लागतं ना, त्याच्या तोंडाशी ते अस्तर सुटलं. धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. वेग कमी होता, मागे मोकळं होतं, गिअर खाली टाकत कडेला घेतली. काही झालं नाही. पण ‘काही झालं नाही’ हे वाक्य किती पातळ असतं ते तिथे कळलं.

ती पार कात्रज येईपर्यंत बोलली नाही. मग शांतपणे म्हणाली, ‘तू ट्रॅकवर जातोस याची मला भीती नाही वाटत रे. त्याच गाडीने परत येतोस, त्याची वाटते.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिने कधी ‘रेसिंग सोड’ म्हटलं नाही. तिने फक्त प्रश्न बरोबर जागी ठेवला. ज्या गाडीला जीव खाऊन पळवायचं, तिच्यातच बायकोला घेऊन हायवेवर यायचं का?

त्यात दोन गोष्टी कागदोपत्रीही डोळे उघडणाऱ्या आहेत. तुमच्या गाडीची इन्शुरन्स पॉलिसी काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ असं लिहिलेलं कलम वाचा. आयोजित शर्यती, वेगाच्या चाचण्या वगैरे वापर त्यातून स्पष्ट वगळलेला असतो. म्हणजे ईएमआय चालू असलेली गाडी ट्रॅकच्या भिंतीला टेकली, तर नुकसान तुमचं आणि हप्ते तर तुमचेच. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून लांब जाणारे बदल करायला ते मनाई करतं, आणि २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही तसंच सांगितलंय. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला ट्रॅकसाठी मनासारखं सजवता येत नाही आणि ट्रॅकवर तिच्याशिवाय सुरक्षित वाटत नाही. ना घर का ना घाट का!

करीची लेक

आता जी गाडी जन्मालाच ट्रॅकसाठी आली, तिची गोष्ट. त्यासाठी कोइमतूरला जावं लागतं. आपल्याकडे हे शहर कापडगिरण्या आणि पंपांसाठी माहीत, पण देशातल्या स्वस्त आणि मस्त रेसिंग कारचं माहेरही तेच. एस. करिवर्धन नावाच्या अवलियाने तिथे मारुती ८००चं इंजिन एका नळ्यांच्या सांगाड्यात बसवून फॉर्म्युला मारुती बनवली. कल्पना साधी होती. इंजिन असं घ्या ज्याचे पार्ट्स गल्लीतल्या दुकानात मिळतात, बाकी फालतू काही ठेवू नका. २००५मध्ये जॉर्डन टीमकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवातही फॉर्म्युला मारुतीतच झाली. करिवर्धन १९९५मध्ये एका छोट्या विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्या नावाने कोइमतूरजवळ चेट्टिपालयमला २००३मध्ये करी मोटर स्पीडवे उभा राहिला. २.१ किलोमीटरचा आटोपशीर ट्रॅक, हौशी माणसाच्या खिशाच्या मापाचा.

पुढे त्याच गावातल्या एलजीबीने ही परंपरा चालवली. दुचाकीच्या रोलॉन चेन बनवतात तेच. त्यांच्या फॉर्म्युला एलजीबी गाड्यांमध्ये मारुती सुझुकीचं १.३ लिटर इंजिन असतं. म्हणजे गंमत बघा, माझ्या एस्टीमच्याच घराण्याचं इंजिन! सासर बदललं, कूळ तेच.

ही युक्ती जगभर चालते. अमेरिकेत १९६०च्या दशकात फोक्सवॅगन बीटलचे पार्ट्स वापरून फॉर्म्युला व्ही सुरू झाली. तिथल्याच स्पेक रेसर फोर्डमध्ये इंजिनला सील असतं, हात लावायला बंदी. इंग्लंडमध्ये केटरहॅम अॅकॅडमीत नवशिके सारख्याच छोट्या गाड्या घेऊन एकाच वर्गात धावतात. केटरहॅमच्या सेव्हन १७०मध्ये तर सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे आणि वजन अवघं ४४० किलो. सगळीकडे तत्त्व एकच: साधं इंजिन, ताण कमी, वजन त्याहून कमी, आणि सगळ्यांना सारखंच.

तेरा नंबरचा पाना

आमची सिंगल-सीटर माझ्यासकट एस्टीमच्या साधारण निम्म्या वजनाची भरते. हे एक वाक्य म्हणजे तिच्या सगळ्या मेन्टेनन्सचं सार आहे. वजन निम्मं, म्हणजे त्याच वेगावरून थांबवताना ब्रेकमध्ये जाणारी उष्णता निम्मी. दोन लिटरचं आधण एका लिटरवर आलं. शिवाय चाकं बाहेर उघडी, सगळी हवा ब्रेकवरच. त्यामुळे पॅड वीकएन्डमागे नाही, सीझनमागे बदलतात. टायरवर येणारा भार निम्मा, बेअरिंगवरचाही तसाच. इंजिन सडकेवरचंच आहे, त्याला अर्ध्या वजनाची गाडी ओढायची म्हणजे बैलाला छकडा ओढायला दिल्यासारखं.

दुसरी गोष्ट म्हणजे पोहोच. एस्टीममध्ये स्टार्टर मोटर काढायची तर आधी चार गोष्टी काढायच्या, त्यातल्या दोघींना काढण्यासाठी आणखी तीन. इथे मागचं आवरण क्लिप फिरवून उचललं की इंजिन देवघरासारखं समोर उघडं. सस्पेन्शनच्या त्रिकोणी नळ्या बाहेरच, रबराऐवजी टोकांना गोळीचे जॉइंट. चाकाचा कोन बदलायचा तर नट सैल करा, फिरवा, परत आवळा. अर्ध्या तासाचं काम. मग टायरची कड खाल्ली जाण्याचा प्रश्नच येत नाही, सबंध टायर सारखा झिजतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जे नाहीच ते बिघडत नाही. पॉवर विंडो नाही, सेंट्रल लॉक नाही, एसीचा कॉम्प्रेसर नाही, म्युझिक सिस्टीम नाही. डॅशबोर्डवर मोजके आकडे: आरपीएम, ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान. आमच्यातली तिसरी पार्टनर बँकेत रिस्क डिपार्टमेंटला आहे, आणि खरं सांगायचं तर तिघांत सगळ्यात वेगवान तीच. ती म्हणते, ‘ही गाडी म्हणजे टर्म इन्शुरन्स आहे. बोनस नाही, मनी बॅक नाही, जे कामाचं तेवढंच.’

आता कुणी म्हणेल, म्हणजे काहीच करायचं नाही? तसं अजिबात नाही. कमी मेन्टेनन्स म्हणजे शून्य मेन्टेनन्स नव्हे. फक्त कामाचं स्वरूप बदलतं. दुरुस्ती कमी होते, तपासणी वाढते. किलोमीटर विसरायचे आणि तास मोजायचे. पंधरा-वीस मिनिटांची सेशन्स धरली तर एका वीकएन्डला इंजिन जेमतेम दोन तास पूर्ण ताकदीने पळतं. प्रत्येक सेशननंतर टायरचा दाब, प्रत्येक दिवसानंतर सगळे नटबोल्ट, ठरावीक तासांनी ऑइल. सीटच्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते, ती संपली की पट्टा कितीही नवा दिसो, बाद. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बाद. इथे ‘चालतंय की’ हा शब्द वापरायचा नाही.

गाडी कोइमतूरलाच एका शेडमध्ये भाड्याने राहते. तिला रस्त्यावर चालवता येत नाही, नोंदणीच नाही. आम्ही शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी-रविवारी चालवतो आणि परत येताना कुणीतरी दुसराच गाडी चालवत असतो. बसचा ड्रायव्हर किंवा विमानाचा पायलट. मी झोपलेला असतो. बायकोच्या प्रश्नाला मला सुचलेलं एवढंच उत्तर.

मामा

राहता राहिले मामा. या सगळ्या हिशेबात त्यांचा रकाना बसत नाही.

मामा म्हणजे आमचे मिस्त्री. नाना पेठेतलं तीन गाड्यांचं गॅरेज. सात वर्षं माझ्या एस्टीमचं प्रत्येक काम त्यांनी केलं. क्लच, बुश, हेडचं काम, सगळं. ट्रॅकवरून आलो की रविवारी सकाळी गाडी जॅकवर, मी पाने द्यायला, मामा खाली आडवे. अकराला वडापाव, एकला चहा, तीनला पुन्हा चहा. इंजिनचा आवाज ऐकून ते सांगायचे, ‘साहेब, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट बोलतोय.’ उघडलं की तिसराच निघायचा. मला गाडी चालवायला ट्रॅकने शिकवलं, पण गाडी ऐकायला मामांनी. कंपनीत माझे चार मॅनेजर बदलले, मामा बदलले नाहीत.

नवी गाडी घेतली हे त्यांना फोनवर सांगणं मला जमेना. म्हणून सरळ कोइमतूरला घेऊन गेलो. साठीच्या माणसाने रेल्वेच्या बाकावर रात्र काढली, सकाळी ट्रॅकवर आले, चष्मा पुसला आणि गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मागचं आवरण उचललं. इंजिन ओळखीचं निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माहेरचं माणूस भेटल्यावर येतं तसं होतं. मग सस्पेन्शनच्या नळीवरून बोट फिरवलं, खाली वाकून बघितलं, सरळ झाले आणि म्हणाले, ‘साहेब, बिघडायला आहे काय हिच्यात?’

ही तारीफ होती की तक्रार, मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळाने चहा पिताना तेच हसत म्हणाले, ‘मग आता रविवारी आम्ही काय करायचं?’ मी पण हसलो. दोघांनाही माहीत होतं की हा विनोद नाही.

कमी मेन्टेनन्सची किंमत कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. गाडी वारंवार बिघडते तेव्हा तुम्ही पैसे घालवता, वेळ घालवता, पण त्या वेळेत कुणाच्या तरी शेजारी बसता. गाडी बिघडायची थांबली की रविवार मोकळा होतो. मोकळा म्हणजे कधी कधी रिकामाही. गॅरेजमध्ये काम नसताना नुसतं जाऊन बसणं दिसतं तितकं सोपं नाही. दोन-तीनदा गेलो. मामा दुसऱ्याच्या गाडीखाली होते, मी स्टुलावर मोबाइल बघत बसलो. चहा तोच होता, पण पाने द्यायला दुसरा पोरगा होता.

मग एक गोष्ट घडली. त्या कोइमतूरच्या ट्रिपमध्ये दुपारच्या सेशनआधी मामांनी न विचारता पाना घेतला आणि एकेक नट बघायला सुरुवात केली. मागच्या डाव्या आर्मचा एक नट त्यांना पाव आटा सैल सापडला. आदल्या दिवशीच्या थरथरीने सुटला होता. ते काही बोलले नाहीत. आवळला, खिशातून पिवळ्या रंगाचं मार्कर पेन काढलं आणि नट व नळी दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढली. ‘रेघ तुटली की समजायचं, नट हलला. पाना लावायची गरज नाही, नुसती नजर फिरवा.’ एव्हिएशनवाले हीच पद्धत वापरतात. मामा एव्हिएशनमध्ये कधी नव्हते.

आज आमच्या गाडीवर अशा सत्तेचाळीस पिवळ्या रेघा आहेत. त्यांची यादी मामांनी सांगितली, मी एक्सेलमध्ये टाकली आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी तिघांपैकी एक जण टॉर्च घेऊन ती पूर्ण करतो. शीटचा फोटो व्हॉट्सअॅपवर मामांना जातो. ते निळ्या टिकांनी उत्तर देतात. कधीतरी फोन येतो, ‘साहेब, बावीस नंबरला दोनदा टिक दिसतेय, नीट बघितलं का?’ आणि मी परत टॉर्च घेऊन खाली वाकतो. एस्टीम आता त्यांच्या धाकट्याकडे आहे. मूळ पार्ट्सवर, मूळ उंचीवर, आणि ट्रॅकवर कधीच न जाण्याच्या अटीवर. अट मामांची.

सबबींचा दुष्काळ

आणखी एक बदल सांगायलाच हवा. सारख्या गाड्यांच्या वर्गात उतरलात की सबबी संपतात. इंजिन तेच, टायर तेच, वजन तेच. पुढचा माणूस दोन सेकंदांनी पुढे असेल तर ते दोन सेकंद त्याच्या पायात आणि डोक्यात आहेत. सुरुवातीला हे झोंबतं. मग हळूहळू मजा येते, कारण सुधारण्यासारखी एकच गोष्ट उरते आणि ती फुकट आहे. पैसे गाडीत न जाता चालवण्यात जातात. मुंबईची स्नेहा शर्मा विमान उडवण्याची नोकरी सांभाळून सिंगल-सीटरमध्ये धावली. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या एकाच मेकच्या गाड्यांच्या कपात धावला. गाड्या सारख्या असल्या की माणसं वेगळी दिसू लागतात.

हे सगळ्यांसाठी आहे का? नाही. वर्षातून एकदा हौस म्हणून ट्रॅकवर जायचं असेल तर चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल घालून आपलीच गाडी न्या, सावकाश चालवा, मजा करा. ज्यांना गाडी चालवण्यापेक्षा खोलण्यात जास्त आनंद आहे, त्यांनी तर मुळीच बदलू नका. तुमचा खेळच वेगळा आहे, आणि तो सुंदर आहे. पण वर्षाला चारपेक्षा जास्त वीकएन्ड ट्रॅकवर जात असतील आणि त्याच गाडीत बेबी सीटही बसवलेली असेल, तर एकदा कागद-पेन घेऊन बसा.

जाता जाता, किडा चावलेल्यांसाठी

पहिलं, कार्टपासून सुरुवात करा. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत. तांबडा-पांढरा बोनस.

दुसरं, गाडी घेण्याआधी भाड्याने चालवा. बऱ्याच टीम्स एका वीकएन्डपुरती सीट देतात. पाठ, मान आणि बँक बॅलन्स तिघांनाही झेपतंय का ते कळतं.

तिसरं, अधिकृत शर्यतीत उतरायला एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. आरटीओचं लायसन्स दाखवून तिथे कुणी सोडत नाही.

चौथं, भागीदारीत घ्या, पण नियम लिहून काढा. कोण कधी चालवणार, ठोकली तर कोण भरणार, आणि कुणाची बदली बंगळूरला झाली तर काय. मैत्री टिकवायला करार फार उपयोगी पडतो.

पाचवं, सेकंडहँड गाडी बघायला जाताना रंग बघू नका, वेल्डिंग बघा. नळ्यांच्या सांध्यांवर नवा रंग दिसला तर विचारा का दिला. आणि शक्य असेल तर एखाद्या मामांना बरोबर न्या.

सहावं, वेगाची हौस एक्सप्रेस-वेवर भागवू नका. तिथे मार्शल नसतात, झेंडे नसतात आणि समोरच्या गाडीतल्या कुटुंबाने शर्यतीचा फॉर्म भरलेला नसतो.

शेवटचं, एक पिवळं मार्कर पेन खिशात ठेवा. वीस-तीस रुपयांना मिळतं. आमच्या गाडीतला सगळ्यात स्वस्त पार्ट तोच, आणि आत्तापर्यंत एकदाही बिघडलेला नाही.